गुणाची पारख

मराठी भाषेत 'गुण' हा शब्द तीन निरनिराळ्या अर्थांनी वापरला जातो. कापडाचा, तुपाचा किंवा सोन्याचा गुण म्हणजे त्या वस्तूच्या अंगची लक्षणे. परीक्षेतले गुण म्हणजे दुसऱ्या कुणी तपासून दिलेला आकडा. आणि औषधाने गुण आला, असे घरातले वडीलधारे माणूस म्हणते तेव्हा दुखणे उतरले, एवढाच त्याचा अर्थ असतो. वस्तूच्या अंगी असलेला गुण, परीक्षकाने मोजलेला गुण आणि वापरणाऱ्याच्या प्रत्ययाला आलेला गुण, अशी ही तीन रूपे आहेत. ती एकमेकांशी जुळतात तोवर बाजार सुरळीत चालतो आणि दवाखान्यावरचा विश्वासही टिकतो. परंतु ती नेहमीच जुळतात असे नाही, आणि जेथे ती जुळली नाहीत तेथे माणसांना कधी पैशाने, तर कधी प्राणाने किंमत द्यावी लागली आहे. मालाची आणि वैद्यकाची पारख लोकांनी कशी केली, त्यांच्या वतीने ती कुणी केली आणि ती केव्हा चुकली, याचा इतिहास म्हणूनच मोठा उद्बोधक आहे.

या विषयाचा विचार आपल्याकडे फार जुन्या काळी झालेला दिसतो. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत : वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी. या चौघांचेही प्रत्येकी चार गुण तेथे दिले आहेत. वैद्याच्या ठिकाणी शास्त्राचे निर्मळ ज्ञान, पुष्कळ पाहिलेले प्रत्यक्ष कर्म, दक्षता आणि शुचिता हवी. परिचारकाला शुश्रूषेची माहिती हवी आणि रोग्याविषयी ममता हवी. रोग्यानेही आपले दुखणे नीट सांगितले पाहिजे आणि वैद्याचे ऐकले पाहिजे. चांगल्या उपचाराचे श्रेय एकट्या वैद्याला न देता ते चौघांत वाटणारी ही मांडणी आजच्या रुग्णालयालाही लागू पडण्यासारखी आहे. याच ग्रंथात वैद्यांचे प्रकार सांगताना सोंग घेतलेल्या वैद्याचे वर्णन येते. औषधांची भांडी आणि पोथ्या मांडून तो वैद्य म्हणून मिरवतो, आणि बाह्य देखाव्यावर भुलणारा रोगी त्याच्या हाती सापडतो. देखावा आणि गुण यांची गल्लत होते, हे त्या काळच्या ग्रंथकारांना पक्के ठाऊक होते.

कौटिल्याने याच प्रश्नाकडे राज्यकर्त्याच्या दृष्टीने पाहिले. अर्थशास्त्रातील 'कंटकशोधन' या अधिकरणात व्यापाऱ्यांच्या लबाडीपासून प्रजेचे रक्षण कसे करावे याचे नियम आहेत. धान्य, तेल-तूप, क्षार, मीठ, सुगंधी द्रव्ये आणि औषधे यांत त्यांच्याच रंगाचा हलका पदार्थ मिसळणाऱ्याला १२ पण दंड सांगितला आहे. औषधाची गणना येथे मीठ-तेलाबरोबर झाली आहे, हे लक्षात घेण्यासारखे आहे. वैद्यांनाही या अधिकरणात सूट नाही. जिवाला धोका असलेल्या दुखण्याची वर्दी न देता उपचार करणाऱ्या वैद्याच्या हातून रोगी दगावला तर त्याला एक दंड, आणि उपचारातील चुकीमुळे दगावला तर त्याहून मोठा दंड. वस्तूची पारख आणि उपचाराची पारख हे दोन्ही प्रश्न एकाच शासनाच्या कक्षेत येतात, ही जाणीव त्यामागे आहे.

तथापि राजदंड हा घडून गेलेल्या अपराधानंतरचा उपाय झाला. अपराध घडण्यापूर्वीच ग्राहकाला खूण पटावी अशी सोय करणे ही पुढची पायरी, आणि तिचा जुना व ठळक नमुना सोन्याचांदीच्या व्यापारात सापडतो. सोनाराच्या कसोटीवर ओढलेली रेघ पाहून कस ठरवण्याची विद्या सर्वांना येत नाही. इंग्लंडमध्ये १३०० साली, पहिल्या एडवर्डच्या राजवटीत, चांदीच्या वस्तूवर बिबट्याच्या मुखाचा शिक्का उमटवल्याखेरीज ती विकू नये असा कायदा झाला. पुढे १४७८ मध्ये लंडनच्या सुवर्णकारांना आपला माल त्यांच्या संघाच्या वास्तूत, म्हणजे 'हॉल'मध्ये, आणून तपासून घ्यावा लागू लागला. तेथे उमटणारे चिन्ह ते हॉलमार्क. त्याच सुमारास वर्षदर्शक अक्षरही शिक्क्यात आले. शिक्का केव्हा मारला हे कळले म्हणजे तो कुणी मारला हेही शोधून काढता येते. पारख करणाऱ्याचीही पारख व्हावी, हा या व्यवस्थेतला मोठा विचार होता. भारतात भारतीय मानक ब्यूरोने सोन्याच्या दागिन्यांसाठी ही पद्धत २००० साली सुरू केली आणि १६ जून २०२१ पासून टप्प्याटप्प्याने ती सक्तीची झाली.

दागिन्याचे एक बरे असते. ते हलके निघाले तर माणूस फसतो, पण मरत नाही. रुग्णालयाची पारख चुकली तर काय होते, याचे विदारक उदाहरण व्हिएन्ना शहरात घडले.

एकोणिसाव्या शतकात व्हिएन्नाच्या सार्वजनिक रुग्णालयात प्रसूतीचे दोन विभाग होते. पहिल्यात वैद्यकाचे विद्यार्थी शिकत, दुसऱ्यात सुइणी शिकत. दोन्ही विभाग एकाच इमारतीत होते आणि बायकांना दाखल करून घेण्याचे दिवस त्यांच्यात आलटून-पालटून ठरलेले असत. विद्वत्ता, पदव्या, प्रतिष्ठा या सर्वच बाबतींत पहिला विभाग श्रेष्ठ गणला जाई. परंतु शहरातील गोरगरीब बायकांचे मत नेमके उलटे होते. पहिल्या विभागात जावे लागू नये म्हणून त्या गुडघे टेकून विनवण्या करीत. काही जणी तर रस्त्यातच प्रसूत होऊन मग रुग्णालयात येत. बायकांच्या या भीतीला तेथील विद्वान मंडळींनी अज्ञानाचे लक्षण मानले. आकडे मात्र त्या बायकांच्या बाजूने होते. १८४६ साली पहिल्या विभागात ४,०१० प्रसूतींमागे ४५९ माता दगावल्या, म्हणजे शंभरातून अकराहून अधिक. दुसऱ्या विभागात हे प्रमाण शंभरात तीनाच्याही आत होते.

या आकड्यांनी इग्नाझ सेमेलवाइस नावाच्या तरुण डॉक्टरची झोप उडवली. १८४७ च्या मार्च महिन्यात त्याचा एक सहकारी शवविच्छेदनाच्या वेळी सुरी लागून मरण पावला, आणि त्याच्या शरीरात नेमकी प्रसूतिज्वरासारखीच लक्षणे आढळली. सेमेलवाइसला उलगडा झाला : शवागारातून थेट प्रसूतिगृहात येणारे डॉक्टर आणि विद्यार्थी आपल्या हातांवर मृत्यू घेऊन येत होते. सुइणींना शवविच्छेदन नव्हते, म्हणून त्यांचे हात निर्दोष होते. मे महिन्यात त्याने प्रत्येकाला क्लोरीनयुक्त पाण्याने हात धुण्याची सक्ती केली. १८४८ साली पहिल्या विभागातील मृत्यूचे प्रमाण शंभरात १.२७ वर आले आणि दोन्ही विभागांतला फरक नाहीसा झाला.

मराठीत वैद्याच्या 'हातगुणा'ची गोष्ट बोलली जाते. एखाद्याच्या हाताला यश असते, अशी ती श्रद्धा आहे. व्हिएन्नात हा शब्द अक्षरशः खरा ठरला. फक्त तो गुण दैवात नसून धुतलेल्या हातांत होता. तरीही सेमेलवाइसच्या वरिष्ठांना हे मानवले नाही. १८४९ साली त्याची नेमणूक पुढे चालू ठेवण्यात आली नाही, आणि १८६५ मध्ये वेड्यांच्या इस्पितळात त्याचा अंत झाला. या हकीकतीतून दोन गोष्टी दिसतात. कारण ठाऊक नसतानाही परिणाम ओळखण्याची शक्ती सामान्य माणसात असते, हे त्या निरक्षर बायकांनी दाखवले. आणि जे आकडे रुग्णालयाच्या दप्तरात पडून होते त्यांना कुणीतरी प्रश्न विचारल्यावाचून त्यांचा अर्थ उकलत नाही, हे सेमेलवाइसने दाखवले.

आकड्यांना प्रश्न विचारण्याचे काम त्यानंतर थोड्याच वर्षांत फ्लॉरेन्स नाइटिंगेल या बाईंनी मोठ्या प्रमाणावर हाती घेतले. १८५४ साली त्या क्रिमियन युद्धातील जखमींच्या शुश्रूषेसाठी स्कुटारीला गेल्या. तेथील सैनिक शत्रूच्या शस्त्रांपेक्षा रोगराईने अधिक मरत होते, हे त्यांनी पुढे आकृत्या काढून जगाला दाखवले. हातात दिवा घेतलेली परिचारिका म्हणून त्यांची मूर्ती लोकांच्या मनात ठसली आहे. पण त्यांची खरी शक्ती कोष्टकांत होती. १८६० साली लंडनमध्ये भरलेल्या आंतरराष्ट्रीय सांख्यिकी परिषदेपुढे त्यांची योजना मांडली गेली. सर्व रुग्णालयांनी रोग, दाखल रुग्ण, बरे झालेले आणि मृत यांची नोंद एकाच नमुन्यात ठेवावी, म्हणजे एकाची दुसऱ्याशी तुलना करता येईल, असा त्या योजनेचा आशय होता.

येथेच पारखीच्या इतिहासातला एक बोधप्रद घोटाळा झाला. रुग्णालयांवरील आपल्या ग्रंथाच्या १८६३ च्या आवृत्तीत बाईंनी एक तक्ता छापला. त्यानुसार लंडनच्या २४ रुग्णालयांतील मृत्यूचे प्रमाण शेकडा ९०.८४ होते. हा आकडा पाहून वैद्यक नियतकालिकांतून गदारोळ उठला. आकडा आला कसा, ते पाहण्यासारखे आहे. १८६१ च्या एप्रिलमध्ये एका ठरावीक दिवशी या रुग्णालयांत ४,२१४ रुग्ण होते, आणि त्या संपूर्ण वर्षात तेथे ३,८२८ मृत्यू झाले. एका संख्येला दुसरीने भागले की शेकडा ९०.८४ हे उत्तर येते. परंतु एका खाटेवर वर्षभरात अनेक रुग्ण येऊन जातात. समजा, १०० खाटांच्या एखाद्या रुग्णालयात वर्षाकाठी १,००० रुग्ण आले आणि त्यांतले ९० दगावले. खाटांशी तुलना केली तर प्रमाण शेकडा ९०, रुग्णांशी केली तर शेकडा ९. भागाकार दोन्ही बरोबर. प्रश्न मात्र निराळे.

टीकाकारांचा दुसरा आक्षेपही वजनदार होता. मोठ्या शहरातील रुग्णालयात दुर्धर रोगी येतात, अपघातात सापडलेले येतात. गावातल्या छोट्या दवाखान्यात साधी दुखणी येतात. दोघांच्या मृत्युसंख्येची तुलना करणे म्हणजे पैलवानाच्या कुस्त्या आणि पोराच्या कुस्त्या एकाच मापाने मोजणे होय. स्वतः नाइटिंगेलबाईंनाही आकड्यांची लबाडी ठाऊक होती. एका रुग्णालयाने असाध्य म्हणून घरी पाठवलेला रोगी दुसऱ्या रुग्णालयात जाऊन एक-दोन दिवसांत मरतो, आणि तो मृत्यू दुसऱ्याच्या खाती पडतो, असे त्यांनी नमूद करून ठेवले आहे. गुण मोजायला घेतला की गुण वाढवण्याऐवजी मोजमाप सजवण्याचा मोह होतो. हा मनुष्यस्वभाव तेव्हाही होता, आजही आहे. म्हणून मोजमाप सोडून द्यावे असे नव्हे. ते रोगाच्या तीव्रतेचा विचार करून अधिक काळजीने करावे, हाच त्या वादाचा धडा होता.

विसाव्या शतकाच्या आरंभी हा धडा अमेरिकेत एका शल्यविशारदाने मनावर घेतला. बॉस्टनच्या अर्नेस्ट कॉडमनचे म्हणणे अगदी साधे होते : प्रत्येक रुग्णालयाने आपल्या प्रत्येक रुग्णाचा मागोवा दीर्घ काळ घ्यावा, उपचाराचे अंतिम फळ काय झाले ते पाहावे, आणि अपयश आले असेल तर ते का आले हे शोधावे. शेतकरी पेरलेल्या बियाण्याचे उत्पन्न मोजतो, दुकानदार वर्षाअखेर हिशेब पाहतो. मग शल्यविशारदाने आपल्या शस्त्रक्रियेचा हिशेब का पाहू नये? ज्या नामांकित रुग्णालयात तो काम करीत होता तेथे ही कल्पना रुचली नाही. तेव्हा १९११ साली त्याने स्वतःचे लहान रुग्णालय काढले. १९१६ पर्यंत तेथून ३३७ रुग्ण उपचार घेऊन बाहेर पडले. त्या उपचारांत झालेल्या १२३ चुका त्याने स्वतः मोजल्या, त्यांची वर्गवारी केली आणि ती छापून प्रसिद्ध केली. आपल्या मालातील खोट स्वतःच जाहीर करणारा असा व्यापारी कोणत्याही पेठेत विरळाच.

१९१५ साली बॉस्टनच्या एका वैद्यकसभेत त्याने भले मोठे व्यंगचित्र लोकांपुढे उघडले. वाळूत डोके खुपसलेला शहामृग श्रीमंत वस्तीसाठी सोन्याची अंडी घालीत आहे आणि शहरातले प्रतिष्ठित डॉक्टर ती राखीत आहेत, असे ते चित्र होते. खरे फळ मोजले तर अंडी मिळायची थांबतील की काय, ही भीती त्यात रंगवली होती. त्या चित्राने त्याचे मित्र तुटले, हार्वर्डमधील पद गेले. परंतु विचार मेला नाही. अमेरिकन शल्यविशारदांच्या महाविद्यालयाने रुग्णालयांसाठी किमान दर्जाचे नियम ठरवले. नियम एका पानात मावणारे होते : डॉक्टर अधिकृत असावेत, त्यांनी एकत्र बसून कामाचा आढावा घ्यावा, प्रत्येक रुग्णाची नोंद असावी, तपासणीची साधने असावीत. शंभर व त्याहून अधिक खाटांच्या ६९२ रुग्णालयांची पाहणी झाली, तेव्हा त्यांतली केवळ ८९ या नियमांत बसली. नापास झालेल्यांत देशातली काही अत्यंत नावाजलेली रुग्णालये होती. १९१९ च्या ऑक्टोबरमध्ये न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ-ॲस्टोरिया हॉटेलात परिषद भरली. तेथे संख्या तेवढी जाहीर झाली; नावांची यादी मात्र वृत्तपत्रांच्या हाती पडू नये म्हणून रातोरात हॉटेलच्या भट्टीत जाळून टाकण्यात आली.

त्या रात्री भट्टीत जे जळाले ते कुणाचे होते, हा प्रश्न पारखीच्या इतिहासात आजही मध्यवर्ती आहे. रुग्णालयांच्या अब्रूचे रक्षण झाले हे खरे. परंतु दुसऱ्या दिवशी त्याच रुग्णालयांत पाय ठेवणाऱ्या रोग्याला, हे ठिकाण नापास झालेले आहे, हे कळण्याचा मार्ग उरला नाही. याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. नावे गुप्त राहिल्यामुळे रुग्णालये चवताळून उठली नाहीत, सुधारणेला लागली. १९५० पर्यंत तीन हजारांहून अधिक रुग्णालये किमान दर्जाला पोचली होती. लोकांचा जाणण्याचा हक्क मोठा की संस्थांच्या सुधारणेची सोय मोठी, हा पेच तेव्हा सुटला नाही आणि आजही तो पूर्णपणे सुटलेला नाही. कॉडमन १९४० साली वारला. त्याच्या दफनभूमीवर नावाचा दगडही नव्हता. तो २०१४ साली, त्याची योग्यता ओळखणाऱ्या वैद्यक संस्थांनी बसवला.

वैद्यकातील पारख आणि बाजारातील पारख यांची गाठ जेथे पडते ते ठिकाण म्हणजे औषध. औषध ही विकत घ्यायची वस्तू आहे. पण ती साबण-कापडासारखी हाताळून निवडता येत नाही. १९३७ साली अमेरिकेतील टेनेसी राज्यातल्या एका कारखान्याने घशाच्या विकारावरील एक गुणकारी औषध गोड द्रवरूपात बाजारात आणले. मुलांनी आवडीने घ्यावे म्हणून त्याला रासबेरीची चव दिली होती. कारखान्याच्या प्रयोगशाळेत त्या द्रवाची चव, रंग आणि वास तपासून पाहिले गेले. त्याच्या विषारीपणाची चाचणी मात्र झाली नाही, आणि तेव्हाच्या कायद्याने ती मागितलीही नव्हती. ज्या द्रवात औषध विरघळवले होते तो डायएथिलीन ग्लायकॉल होता. मूत्रपिंडे निकामी करणारे विष. शंभराहून अधिक माणसे मेली, त्यांत अनेक बालके होती. सरकारला तो माल जप्त करण्यासाठी आधार कोणता मिळाला? तर 'इलिक्झिर' म्हणवणाऱ्या औषधात मद्यार्क असला पाहिजे, तो यात नाही, म्हणून नाव चुकीचे! नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा, एवढाच गुन्हा कायद्याला दिसू शकला. पुढच्याच वर्षी, १९३८ मध्ये, विक्रीपूर्वी औषधाची निर्धोकता सिद्ध करण्याची अट घालणारा नवा कायदा आला.

या घटनेत चव आणि रंग पाहणारा परीक्षक आणि ते औषध विश्वासाने पाजणारी आई यांची पारख एकाच पातळीवर होती, हे विशेष. पुढे अर्थशास्त्रज्ञांनी या अनुभवाला शास्त्रीय रूप दिले. काही वस्तूंचा गुण घेण्यापूर्वीच दिसतो, उदाहरणार्थ कापडाचा पोत. काहींचा वापरल्यावर कळतो, उदाहरणार्थ डाळ शिजते कशी. आणि काहींचा वापरल्यानंतरही नीट कळत नाही. रोगी आपोआप बरा झाला की औषधाने, शस्त्रक्रिया आवश्यक होती की नव्हती, हे त्याला कधीच उमगत नाही. १९७० ते १९७३ या अवघ्या तीन-चार वर्षांत हे त्रिविध वर्गीकरण पूर्ण झाले. वैद्यकापुरता असाच विचार १९६६ साली आवेदिस डोनाबेडियन या आर्मेनियन वंशाच्या अमेरिकन अभ्यासकाने मांडला : साधनसामग्री पाहा, कार्यपद्धती पाहा आणि फलश्रुती पाहा. यांतले एकच पाहणारा फसतो. नुसत्या इमारतीवर भुलणारा जसा फसतो, तसाच एका रोग्याच्या बरे होण्यावरून निष्कर्ष काढणाराही फसतो.

भारतात या जाणिवेची पावले विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात उमटू लागली. क्विनाइनसारख्या जीवनावश्यक औषधातही भेसळ व कमअस्सलपणा असल्याच्या तक्रारी वाढल्या, तेव्हा १९३० साली कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमण्यात आली. १९३१ मध्ये तिचा अहवाल आला आणि त्याचे फळ म्हणून १९४० चा औषधविषयक कायदा झाला. शेतमालासाठी १९३७ च्या कायद्याने ॲगमार्क ही मुद्रा आली. ६ जानेवारी १९४७ रोजी भारतीय मानक संस्था स्थापन झाली. १९५२ च्या कायद्याने तिला प्रमाणचिन्ह देण्याचा अधिकार मिळाला आणि लवकरच आयएसआयची खूण घरोघरच्या वस्तूंवर दिसू लागली. १९५४ साली अन्नभेसळ प्रतिबंधक कायदा संमत झाला.

या काळातील तुपाची कथा मनोरंजक आहे. पूर्वीची गृहिणी तळहातावर तूप चोळून, वास घेऊन, कणी पाहून त्याचा कस ठरवीत असे, आणि तिची पारख सहसा चुकत नसे. वनस्पती तूप बाजारात आले आणि तिच्या नाकाची सत्ता संपली. कारण मिसळ बेमालूम होऊ लागली. तेव्हा सरकारने वनस्पती तुपात ठरावीक प्रमाणात तिळाचे तेल घालण्याची सक्ती केली. तिळाच्या तेलाचा एक रासायनिक धर्म असा की, तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल आणि फरफ्युरल यांच्याशी संयोग होताच त्याला गुलाबी-तांबडा रंग चढतो. लोणकढ्या तुपाच्या नमुन्यात हा रंग दिसला की भेसळ उघड झाली! चोराच्या अंगरख्यालाच घंटा बांधून ठेवण्यासारखी ही युक्ती होती. माणसाच्या इंद्रियांचे सामर्थ्य जेथे संपले, तेथे शास्त्राने त्याला नवे इंद्रिय दिले.

परंतु प्रयोगशाळा असणे आणि ती वेळेवर वापरली जाणे यांत अंतर असते. १९८६ च्या जानेवारी-फेब्रुवारीत मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरीन दिलेल्या रुग्णांपैकी १४ जण दगावले. औषध म्हणून आलेल्या त्या ग्लिसरीनमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल होते. टेनेसीतील बालकांचे प्राण घेणारे तेच विष जवळजवळ अर्ध्या शतकानंतर, कायदे असलेल्या, प्रयोगशाळा असलेल्या शहरात पुन्हा अवतरले. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या चौकशी आयोगाने औषध प्रशासनापासून रुग्णालयाच्या खरेदीपर्यंत सर्वांच्या कारभारावर कठोर ठपका ठेवला. त्या मृतांपैकी कुणालाही आपल्याला दिलेल्या औषधाची पारख करणे शक्य नव्हते. त्यांच्या वतीने ती करण्याचे काम ज्यांच्यावर सोपवले होते त्यांच्याकडूनच ते राहून गेले. २०२२ साली गांबिया देशातील बालमृत्यूंच्या संदर्भात जागतिक आरोग्य संघटनेने जो इशारा दिला, त्यातही पुन्हा याच द्रव्याचे नाव आले.

म्हणूनच शिक्क्यांच्या जोडीला ग्राहकाचा स्वतःचा आवाजही लागतो, ही जाणीव महाराष्ट्रात लवकर रुजली. १९६६ मध्ये मुंबईत ग्राहक मार्गदर्शन संस्था निघाली. १९७४ साली बिंदुमाधव जोशी यांच्या पुढाकाराने पुण्यात ग्राहक पंचायत उभी राहिली आणि १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायतीचे काम सुरू झाले. शेजारच्या कुटुंबांनी एकत्र येऊन, पारखून, घाऊक माल घ्यावा आणि वाटून घ्यावा, ही त्या चळवळीची रीत होती. देशपातळीवर ग्राहक संरक्षणाच्या कायद्याला २४ डिसेंबर १९८६ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली. डॉक्टरची सेवा या कायद्याखाली येते काय, हा वाद पुढे उभा राहिला. १३ नोव्हेंबर १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा त्याच्या कक्षेत येते; जेथे सर्वांनाच सर्वथा विनामूल्य सेवा दिली जाते ती संस्था तेवढी बाहेर राहते. कौटिल्याने व्यापारी आणि वैद्य यांना एकाच अधिकरणात बसवले होते. अनेक शतकांनी ते दोघे पुन्हा एका कायद्याखाली आले. २००५ साली रुग्णालयांना दर्जाची मान्यता देणारे राष्ट्रीय मंडळ स्थापन झाले. पुढील वर्षापासून विजेच्या उपकरणांवर तारे दिसू लागले. तारे जितके अधिक, तितकी विजेची बचत अधिक.

आता तर प्रत्येकाच्या हातातील दूरध्वनीवर तारे आले आहेत. चपलेपासून शल्यविशारदापर्यंत सर्वांना लोक एका पट्टीवर पाचांपैकी गुण देतात. लोकांचे म्हणणे नोंदवले जाते ही आनंदाची गोष्ट. व्हिएन्नाच्या बायकांना अशी सोय नव्हती. परंतु एकच पट्टी सर्वांना पुरत नाही. चपलेचा अंगठा तुटला हे ग्राहकाइतके दुसऱ्या कुणालाच कळत नाही. डॉक्टर नीट बोलला का, परिचारिकेने वेळेवर विचारपूस केली का, खोली स्वच्छ होती का, हेही रोग्यानेच सांगावे. तेथे त्याची साक्ष अंतिम होय. मात्र निदान अचूक होते का, औषध शुद्ध होते का, याचे उत्तर ताऱ्यांत सापडत नाही. नको असलेले औषध नाकारणारा डॉक्टर रोग्याला नावडता होतो, आणि नावडतीचे मीठ अळणी लागते, हे कोणी सांगायला नको. गोड बोलणाऱ्याला पाच तारे मिळतात. टेनेसीतील तो द्रवही गोडच होता.

तात्पर्य, गुणाच्या पारखीला दोन डोळे लागतात. एक अनुभवाचा, तो सामान्य माणसाजवळ असतो. दुसरा शास्त्राचा, तो समाजाने प्रयोगशाळा, नोंदवह्या आणि कायदे यांच्या रूपाने घडवलेला असतो. पहिल्याला व्हिएन्नात तुच्छ लेखले गेले तेव्हा माता मेल्या. दुसरा मुंबईत मिटलेला राहिला तेव्हा रुग्ण मेले. न्यूयॉर्कच्या भट्टीत जळालेली यादी या दोन डोळ्यांमधला पडदा होती. ज्यांनी तपासले त्यांना ठाऊक होते, आणि ज्यांना भोगायचे होते त्यांना ठाऊक नव्हते. तपासणाऱ्याचे ज्ञान आणि सोसणाऱ्याचा अनुभव यांची गाठ उघड्यावर, सर्वांच्या समक्ष पडेल, तेव्हाच वस्तूच्या अंगचा गुण, परीक्षकाने दिलेला गुण आणि रोग्याला आलेला गुण हे तिन्ही एका शब्दात सुखाने नांदतील.